चुंबक फिरवलेली फ्लॉपी

शाळेच्या चांगल्या, चालू फ्लॉपीवर मी एकदा भर दुपारी, हेडसरांच्या टेबलाशी उभी राहून चुंबक फिरवलं होतं. चुकून नाही, मुद्दाम. अंगण सारवताना हात फिरतो तसा गोल गोल, सात-आठ वेळा. त्याला आता इतकी वर्षं झाली की ते हेडसर, ती खोली, ते टेबल यातलं काहीच उरलेलं नाही. पश्चात्ताप म्हणाल तर तो तेव्हाही झाला नाही आणि आजही होत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा फिरवीन.

फ्लॉपी म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. माझ्या मुलीच्या हातात दिली तर तिनं ती पंख्यासारखी हलवून वारा घेतला. हाताच्या पंजाएवढं काळं, पातळ, चौकोनी पाकीट. मधोमध गोल भोक, एका बाजूला लांबट खिडकी आणि त्या खिडकीतून दिसणारी तपकिरी चकती. ती चकती फिरवून तिच्यावर लिहिणारं आणि वाचणारं यंत्र म्हणजे ड्राईव्ह. आमच्या शाळेच्या एका फ्लॉपीत शंभर केबी मावायचे. आज माझ्या फोनमधला एक फोटो ठेवायचा म्हटलं तर तशा तीस-चाळीस फ्लॉप्या लागतील. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. माझ्या मायला धानाबद्दल जे जे ठाऊक होतं ते सगळं त्या शंभर केबीत बसलं होतं, आणि वर जागा उरली होती.

आमचं गाव सिंदेवाहीपासून सायकलनं अर्ध्या तासावर. गावाच्या टोकाला आमची वस्ती, वस्तीच्या टोकाला विहार, विहाराला लागून आमच्या दोन खोल्या. घरात माय आणि मी. बाबा मी दुसरीत असताना एका राईस मिलच्या पट्ट्यात सापडून गेले. वारा तिकडून असला की मिलची घरघर आमच्या घरात ऐकू यायची, आणि ती सुरू झाली की माय काहीतरी आवाज काढायची. भांडी नसली तरी भांडी घासायची, पाट्यावर नुसताच वरवंटा ओढायची. मला लहानपणी वाटायचं, सगळ्याच घरांत संध्याकाळी असा खडखडाट असतो. बाबांना घरी आणलं त्या दिवशी मिलवाल्यांच्या माणसानं एका कागदावर मायचा अंगठा घेतला होता. माणूस ताब्यात मिळाल्याचा कागद आहे, असं तिला सांगितलं. तो तिनं पेटीत जपून ठेवला. मी चौथीत गेल्यावर, मला जोडाक्षरं वाचता येतात म्हणून मोठ्या कौतुकानं तिनं तो काढून दिला. मी वाचलं, ‘मयताच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे अपघात घडला असून आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही.’ मायनं विचारलं, “हलगर्जीपणा म्हंजे का?” मी वहीत लिहिलेला अर्थ सांगितला. तिनं कागदाची घडी घातली, पेटी बंद केली आणि चुलीतलं लाकूड आत सारलं. त्यानंतर मी दहावी होईपर्यंत तिनं कुठल्याच कागदावर अंगठा लावल्याचं मला आठवत नाही.

बाबा गेले त्या वर्षी आम्ही बियाणं खाल्लं. धान पिकवणाऱ्या घरात यापरती नामुष्की नाही. आमची जमीन दोन बांध्यांची, म्हणजे धानाच्या दोन खाचरांची, पण मायकडे बियाणी मात्र एखाद्या मालगुजाराकडे नसतील इतकी. पायलीपायलीच्या मडक्यांत, राखेत घोळून, शेणानं तोंड लिंपून ठेवलेली. लुचई, चिन्नोर, हिरानकी, काळी कमोद, दुबराज आणि अशीच कितीतरी. त्या वर्षी ती मडकी एकेक करून फुटली आणि भात म्हणून आमच्या पोटात गेली. मायजवळ नुसती नावं उरली. कोणतं धान किती दिवसांत निसवतं, कोणतं गुडघाभर पाण्यात उभं राहतं, बाळंतिणीला कशाचा भात द्यावा, आंबिलीला कशाची कणी चांगली, हे सगळं ती स्वयंपाक करता करता बोलत राहायची. लाखोरीच्या डाळीला फोडणी बसली की त्या वासाबरोबर तिचं सुरू व्हायचं. “हे वरण हिरानकीच्या भातावर खाल्लं पायजे होतं, तुले का समजन.” मला नाही समजलं. मी रेशनच्या तांदळावर वाढले.

शाळेत संगणक आला तो कुठल्याशा योजनेत. की-बोर्डच्याच पोटात सगळा संगणक, वर टीव्ही आणि शेजारी तो ड्राईव्ह. त्याच्यासाठी एक खोली रंगवली, पडदे लावले, नारळ फोडला. चपला बाहेर काढून आत जायचं. भिंतीवर एक तक्ता होता. फ्लॉपी वाकवू नये, खिडकीत बोट घालू नये, उन्हात ठेवू नये. आणि सगळ्यांत खाली चुंबकाचं चित्र, त्यावर लाल फुली. विज्ञानाचे बोरकुटे सर त्या फुलीवर छडी आपटून सांगायचे, “चुंबक लागला की फ्लॉपी मेली. पुन्हा जिवंत होत नाही.” खोलीची किल्ली त्यांच्या जानव्यासारखी कायम गळ्यात. सर वाईट नव्हते, भित्रे होते. तपासणीला कोणी येईल, काही बिघडलेलं सापडेल आणि आपली बदली सिरोंच्याला होईल, या धास्तीत ते जगायचे. आता मला त्यांची कीव येते. तेव्हा येत नव्हती.

दहावीच्या वर्गातून चार जणांना संगणक शिकवायचा ठरला आणि गणितात पहिली असल्यामुळे मला घ्यावंच लागलं. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी काहीतरी करायचं होतं. सरांना ग्रहमाला हवी होती. मी म्हटलं, मी धानाची यादी करते. नाव टाइप केलं की त्या धानाची सगळी माहिती पडद्यावर. सर म्हणाले, “धान काय कॉम्प्युटरवर घालायची वस्तू आहे?” पण ग्रहमाला कुणालाच जमेना, तेव्हा धानच उरलं.

रोज रात्रीच्या जेवणाआधी माय बोलायची, मी वहीत उतरवायची, दुसऱ्या दिवशी शाळेत इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. त्या संगणकाला देवनागरी येत नव्हती. शिवाय त्याचे नियम एखाद्या तऱ्हेवाईक सासूसारखे. फाईलचं नाव सात अक्षरांच्या वर नको. एका फ्लॉपीवर एकतीस फायलींच्या वर नको, मग आत कितीही जागा रिकामी असो. HIRANKI बरोबर सातात बसलं तेव्हा मला परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं. पण एकतिसाचं मायला पटेना.

“एकतीसच काऊन?” ती म्हणाली. “मले का मोजून येतेत का धानं?”

“माय, मशीनचा नियम हाय तो.”

“तं मशीनले सांग, या दोघी बहिनी हायेत. एका घरात राहू दे त्याईले.”

आणि तिनं खरोखरच लावून दिलं. कोणती दोन धानं एकाच वेळी निसवतात, कोणती एकाच पाण्यावर येतात, त्यांना एका फाईलीत घातलं. पुढे नोकरीत मी मोठमोठे तक्ते केले, पण इतकी नेटकी वर्गवारी मला कधी साधली नाही. सगळं धरून तीस फायली झाल्या. एक जागा मायनं मुद्दाम मोकळी ठेवायला लावली. “कोनी देल्लं तं पायजे,” ती म्हणाली.

प्रदर्शन गडचांदूरच्या एका शाळेत होतं. तिथला संगणक आमच्यासारखाच, पण ड्राईव्ह वेगळा, नवा. तो सांभाळायला सिमेंट कारखान्यात काम करणारा एक मिस्त्री सुटीच्या दिवशी यायचा. मल्लय्या त्याचं नाव, सिरोंच्याकडचा. मराठी बोलायचा, पण प्रत्येक वाक्याला तेलुगूचा हेल. त्यानं माझी फ्लॉपी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. “तुमचा ड्राईव्ह चाळीसचा आहे अम्मा, आमचा ऐंशीचा. थांब.” त्यानं ड्राईव्हच्या पाठीमागचं बटण ऐंशीवरून चाळीसवर सरकवलं आणि यादी पडद्यावर आली. आमचा ड्राईव्ह चालताना ‘टक्, टक्’ करायचा, हा ‘टकटक, टकटक’ करत होता, एक पाऊल टाकायच्या जागी दोन.

दुपारी एक बाई आल्या. सासर तिथलं, माहेर आरमोरीकडचं. त्यांनी यादी वाचून घेतली आणि म्हणाल्या, “लालकुसळी नाई टाकली का बाई? माह्या बापाच्या बांधीत होती. लाल कुसळ, कुकू लागन इतकी लाल.” आमच्याकडच्या बायकांची एक रीत आहे. कुणी मूठभर बियाणं दिलं तर ते घरी नेऊन ठेवू असं म्हणायचं नाही. उभ्याउभ्या, तिथल्या तिथं पदराच्या टोकाला गाठ मारायची, नाहीतर ते उगवत नाही. मायनं मोकळी ठेवलेली एकतिसावी जागा मला आठवली. मी बाईंना विचारून सगळं टाइप केलं आणि LALKUS नावाची फाईल तिथंच, मल्लय्याच्या ड्राईव्हवर, फ्लॉपीत टाकली. वाचता येतंय म्हणजे लिहिताही येईल, हे मीही धरून चालले आणि मल्लय्याही. चूक झाली ती एवढीच.

सोमवारी शाळेत फ्लॉपी लावली. ड्राईव्हनं घर्र केलं, थांबलं, पुन्हा घर्र केलं, आणि पडद्यावर डिस्क खराब असल्याची ओळ आली. एक फाईल नाही, सगळीच फ्लॉपी. सरांनी चार वेळा लावून पाहिली. मग त्यांनी विचारलं, कशात आणलीस? मायनं जुन्या लुगड्याची पिशवी शिवली होती, ती पिशवी मी स्टीलच्या डब्यात घातली होती. तो डबा बघून सरांना उत्तर सापडलं.

“डब्याचं झाकण चुंबकाचं असेल. नाहीतर बसमध्ये रेडिओजवळ ठेवली असशील,” ते म्हणाले. “म्हणून मी हेडसरांना सांगत होतो. ज्यांच्या घरी लाईट नाही त्यांच्या हातात असल्या वस्तू देऊ नका.”

मी म्हटलं, “सर, तिथं चालली होती.”

“तिथं चालली होती ना? मग इथं येईपर्यंत तू काय केलंस ते सांग.”

दुसऱ्या दिवशी माफीनामा तयार होता. सरांच्याच सुंदर अक्षरात. खाली माझी सही आणि पालकाची सही किंवा अंगठा. तो दिल्याशिवाय संगणकाच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. संध्याकाळी मी तो मायला वाचून दाखवला. ‘माझ्या पाल्याच्या हलगर्जीपणामुळे शाळेच्या मालमत्तेचे नुकसान झाले असून…’

माय अंबाडीची भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

“पुन्हा वाच,” ती म्हणाली. मी वाचलं.

“तोच शब्द हाय का?”

“हो.”

“तू केला का हलगर्जीपना?”

“नाई माय.”

“मंग मी नाई लावत अंगठा. तुह्या बापाच्या टायमाले वाचून सांगनारं कोनी नोहतं. आता घरात वाचनारी हाय.” ती पुन्हा भाजी निवडायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, “फ्लापी मेली म्हन्ते ना तो मास्तर? मेली का नाई, ते जिथं चालत होती तिथी जाऊन पाहू.”

मेलेली फ्लॉपी म्हणून सरांनी ती माझ्या अंगावरच टाकली होती, त्यामुळे ती माझ्याजवळ होती. मायनं एक कोंबडी विकली. रविवारी सिंदेवाही, मूल, चंद्रपूर, राजुरा करत, बस बदलत आम्ही गडचांदूर गाठलं. माय पहिल्यांदाच इतक्या दूर आली होती. राजुऱ्यापुढे रस्त्याकडेच्या झाडांवर सिमेंटची पांढरी धूळ बघून ती म्हणाली, “इथची पानं कोनी धुत नाई का?” मल्लय्यानं फ्लॉपी लावली, बटण चाळीसवर नेलं. टकटक, टकटक. एकतीसच्या एकतीस फायली आल्या, LALKUS सकट. मी तिथंच, त्या खोलीत, भोकाड पसरून रडले. मायनं मला रडू दिलं आणि मल्लय्याला विचारलं, “भाऊ, इथी जित्ती न तिथी मेली, असं कसं?”

मल्लय्या डोकं खाजवत बसला. मग त्यानं मॅन्युअल काढलं, एक कागद घेतला आणि चित्र काढत तो स्वतःलाच समजावायला लागला. चकतीवर गोल गोल रेघा असतात. जुना ड्राईव्ह जाड डोक्याचा, तो चाळीस जाड रेघा काढतो. नवा बारीक डोक्याचा, तेवढ्याच जागेत ऐंशी बारीक रेघा काढतो, म्हणून दुप्पट माल मावतो. बटण चाळीसवर नेलं की तो एकेक रेघ सोडून चालतो, त्यामुळे जाड रेघ त्याला वाचता येते. पण लिहिताना त्याचं डोकं बारीकच. जुन्या जाड रेघेच्या मधोमध नवी बारीक रेघ उमटते आणि दोन्ही काठांना जुनं तसंच राहतं. फाईल टाकली की फ्लॉपीच्या पहिल्या रेघेवरची अनुक्रमणिकाही नव्यानं लिहिली जाते. शाळेच्या जाड डोक्याला तिथं नवं आणि जुनं एकदम ऐकू येतं, आणि ते गोंधळून सगळी फ्लॉपीच नाकारतं.

माझ्या डोक्यात उजेड पडायच्या आत माय बोलली. “म्हंजे बांधीत मागल्या सालचं धान उभं ठेवून मधातच नवं रोवलं, असंच ना जी? तुमचा विळा बारका, तो मधलंच कापते. शाळेचा विळा मोठा, धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत कापते. भेसळ तं होईनच.”

मल्लय्या कागदावरून मान वर करून तिच्याकडे बघतच राहिला. “हो अक्का,” तो म्हणाला. “असंच आहे.”

“तं रोवाच्या आंदी चिखल करा ना. सारी बांधी चिखलून टाका, जुनं काईच नोका ठेवू. मंग रोवा.”

“दुसरी फ्लॉपी घेऊन फॉर्मॅट करता येईल, म्हणजे रेघा नव्यानं आखायच्या,” मल्लय्या म्हणाला. मग स्वतःच मान हलवली. “नाही. फॉर्मॅटपण हेच बारीक डोकं करणार. काठ राहणारच.” नवी, कोरी फ्लॉपी मिळाली असती तर प्रश्नच नव्हता, पण ती नागपूरशिवाय मिळत नव्हती आणि त्याच्याजवळची प्रत्येक फ्लॉपी वापरलेली होती. त्या खोलीच्या भिंतीवरही तोच तक्ता होता, तेच चित्र, तीच लाल फुली. मी त्या फुलीकडे बघत होते. सरांची छडी आठवली. चुंबक लागला की सगळं पुसलं जातं. काठासकट.

“चुंबक,” मी म्हटलं.

मल्लय्या दचकला. “एय अम्मा, तसं बोलू नको.” पण बोलून झाल्यावर तो उठला, कोपऱ्यातल्या खोक्यातून एका बिघडलेल्या भोंग्याचं चुंबक काढून माझ्या हातात ठेवलं. पुरीएवढं गोल, काळं आणि भलतंच जड. “होईलच असं मी सांगत नाही,” तो म्हणाला. “मी कधी केलेलं नाही.”

आता कुणी म्हणेल, पुसायचीच होती तर मल्लय्याच्याच एखाद्या फ्लॉपीवर गुपचूप चुंबक फिरवायचं, लिहायचं आणि शाळेत नेऊन दाखवायचं. तसं केलं असतं तर सर म्हणाले असते, ही दुसरीच फ्लॉपी आहे, कुठून तरी नवी आणली. मला त्यांना पळवाट ठेवायची नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला ते चुंबक त्यांच्यासमोरच फिरवायचं होतं. सोळाव्या वर्षी माणसाला न्याय हवा असतो, पण तो बघायला समोर माणसंही हवी असतात. मला ती हवी होती.

सोमवारी माय रोवणी सोडून माझ्याबरोबर शाळेत आली. हेडसरांच्या टेबलावर माफीनामा होता, शेजारी जांभळ्या शाईचं पॅड उघडून ठेवलं होतं. बोरकुटे सर उभे होते. मी म्हटलं, “सर, फ्लॉपी मेलेली नाही. गडचांदूरला चालते. दोन ड्राईव्हचं पटत नाही, म्हणून इथं चालत नाही. मला शाळेची एक चालू फ्लॉपी द्या, मी तीच यादी तिच्यावर आणून इथं चालवून दाखवते.”

हेडसर निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी कपाटातून एक रिकामी फ्लॉपी काढली, आधी संगणकाच्या खोलीत नेऊन, ड्राईव्हमध्ये लावून चालू असल्याचं दाखवलं, आणि बदलू नये म्हणून लेबलच्या एका टोकाला हलक्या हातानं सही केली. मी ती घेतली. दप्तरातून चुंबक काढलं आणि फिरवलं.

पहिल्या फेऱ्याला कुणाला कळलंच नाही मी काय करतेय. दुसऱ्याला सर ओरडले. तिसऱ्याला त्यांनी हात धरायला पुढे केला तर माय मध्ये उभी राहिली. तिनं त्यांना अडवलं नाही, ती फक्त तिथं उभी राहिली. माझे सात-आठ फेरे पूर्ण झाले.

“एक मारली होती, आता दोन झाल्या,” सर म्हणाले. ते हेडसरांकडे वळले. “सर, बघितलंत? तुमच्या डोळ्यांदेखत.”

हेडसर मला म्हणाले, “पोरी, हे काय केलंस?”

“चिखल केला जी तिनं,” माय म्हणाली. “आता रोवनं रायलं. आठ दिवस द्या. पुढच्या सोमवारी नाई चालली तं दोन्हीची माफी लिहून देतो.”

“लेखी द्या,” सर म्हणाले आणि माफीनामा पुढे सरकवला.

मायनं अंगठा पॅडवर टेकवला. पण तिनं कागदाला हात लावला नाही. माझ्या हातातली फ्लॉपी घेतली आणि लेबलच्या दुसऱ्या टोकाला, सरांच्या सहीसमोर, हळूच अंगठा उमटवला. “हे घ्या लेखी,” ती म्हणाली. “चालली तं माहा, नाई चालली तरी माहाच.”

त्या आठवड्यात मी जेवले की नाही मला आठवत नाही. खात्री कुणाला होती? मल्लय्याला नव्हती, मला नव्हती. मायला होती, पण तिनं फ्लॉपी चालताना जन्मात दोनदा पाहिली होती. रविवारी पुन्हा तोच प्रवास. मल्लय्यानं पुसलेली फ्लॉपी बटण चाळीसवर ठेवून फॉर्मॅट केली. मग त्याच्या एकाच ड्राईव्हवर जुनी फ्लॉपी घालून थोडं वाचायचं, ती काढून पुसलेली घालायची, तेवढं लिहायचं, पुन्हा जुनी. संगणकाच्या डोक्यात एका वेळी फार मावत नसे. हे बदलाबदलीचं काम संपेपर्यंत परतीची बस गेली आणि मल्लय्याच्या बायकोनं आम्हाला चिंचेची पातळ आमटी आणि भात वाढून रात्री ठेवून घेतलं. माय भात चिवडत म्हणाली, “हा कोनता हाय, ओळखू नाई येत.” पहाटेच्या पहिल्या बसनं निघून आम्ही शाळा सुटायच्या आत पोहोचलो.

खोलीच्या दारात चपला काढल्या. सरांनी फ्लॉपीवरची स्वतःची सही तपासली, अंगठा तपासला, आणि लावली. घर्र. थांबलं. तो लाल दिवा तेव्हा जेवढा वेळ पेटला तेवढा माझ्या आयुष्यात दुसरा कुठला दिवा पेटलेला नाही. मग टक्. टक्. टक्. वरून खाली नावं यायला लागली.

“आलं का?” मायनं मागून विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचायला तोंड उघडलं तर हुंदकाच आला.

“आलं,” बोरकुटे सर म्हणाले. मग थांबून म्हणाले, “सगळं आलं, बाई.” तोवर त्यांनी तिला कधी बाई म्हटलं नव्हतं.

त्यांनी माफी मागितली नाही. मला ती नकोही होती. त्यांनी मला फळ्यावर जाड रेघ, बारीक रेघ काढून समजावायला लावलं, आणि मी धान, बांधी, चिखल यांच्यासकट समजावलं. दुसऱ्या दिवसापासून खोलीची किल्ली मी मागितली की मिळायला लागली. अंगठ्याची ती फ्लॉपी मी शाळा सोडताना हेडसरांनी मलाच देऊन टाकली. मायनं जाताना हेडसरांकडून तो माफीनामा मागून घेतला आणि संध्याकाळी त्या कागदानं चूल पेटवली. पेटीतला बाबांचा कागद मात्र तसाच राहिला. त्याचं आम्हाला काहीच करता आलं नाही, आणि हे मी कधी विसरले नाही.

माय जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून एक तरुण माझ्याकडे आला. जुने घरगुती संगणक जमवण्याचा त्याला नाद आहे. कुठून तरी त्याला ही गोष्ट कळली होती. आधी तो मला म्हणाला, “काकू, चुंबकानं फ्लॉपी खराब होते, दुरुस्त नाही होत. तुमची काहीतरी आठवण चुकत असेल.” मी त्याला चहा दिला आणि पेटीतून फ्लॉपी काढून दिली. सगळं सामान त्यानं बरोबरच आणलं होतं. माझ्या डायनिंग टेबलावर त्यानं ड्राईव्ह मांडला, बटण चाळीसवर नेलं, आणि टकटक, टकटक करत एकतीस नावं वर आली. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं सगळ्या फायली उतरवून घेतल्या, मला छापून दिल्या, माझ्या फोनवरही पाठवल्या. मग जरा आर्जवानं म्हणाला, “काकू, आता ही फ्लॉपी मला द्या ना. माझ्याकडे नीट राहील. यातलं सगळं मी तुम्हाला कॉपी करून दिलंय.”

मी छापलेले कागद चाळले. LUCHAI होतं, HIRANKI होतं, LALKUS सुद्धा होतं. मी फ्लॉपी लुगड्याच्या पिशवीत घातली.

“सगळं नाही झालं,” मी म्हटलं, आणि पिशवीत पुरती सरकवण्याआधी लेबलाच्या टोकावरचा जांभळा अंगठा त्याला दाखवला.